सवय किडीला होत नाही, माणसालाही नाही

विदर्भाच्या कापूसपट्ट्यात दर हंगामात दोन वाक्यं ऐकू येतात. पहिलं कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर : “अळीले या औषधाची सवय झाली आता, जरा कडक देतो.” दुसरं शेताच्या धुऱ्यावर, पाठीला पंप बांधलेल्या मजुराकडे बोट दाखवून : “त्याले काई होत नाई, त्याले सवय हाये.”

पहिल्या वाक्याने विषाचा डोस वाढतो. दुसऱ्या वाक्याने तो वाढलेला डोस कोणाच्या पाठीवर द्यायचा हे ठरतं. ही दोन्ही वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आले. पुढे शिष्यवृत्तीवर कृषी पदवीपर्यंत शिकले, कीटकशास्त्र वाचलं, आणि कळलं की दोन्ही वाक्यं खोटी आहेत. अळीला सवय होत नाही. माणसालाही होत नाही. ‘सवय’ हा शब्द शास्त्राचा नाही, तो व्यवस्थेचा आहे. आणि व्यवस्थेचे शब्द तपासून घेणं हे आपल्या चळवळीचं पहिलं काम आहे.

आधी अळीचं बघू.

एका शेतात एकाच जातीच्या लाखो अळ्या असतात, पण त्या एकसारख्या नसतात. माणसांसारखाच त्यांच्यातही जन्मतः फरक असतो. समजा, हजारातली एखादी अळी अशी आहे की तिच्या शरीरातली विकरं, म्हणजे एन्झाइम, ते विष इतरांपेक्षा लवकर मोडून टाकतात. किंवा विष ज्या जागी जाऊन चिकटतं त्या जागेची घडणच तिच्यात थोडी वेगळी आहे. फवारणीआधी या वेगळेपणाचा तिला काही फायदा नसतो. फवारणी होते, नऊशे नव्व्याण्णव मरतात, ही एक उरते. पुढची पिढी उरलेल्यांची. तेच विष पुन्हा मारलं की पुन्हा तीच निवड. काही पिढ्यांत शेतात बहुसंख्य अळ्या अशा होतात की त्यांना ते विष लागूच पडत नाही. कोणतीही अळी विष पचवायला ‘शिकली’ नाही. ज्या मरायच्या त्या मेल्या. निवड आपण केली, फवाऱ्याने केली.

हे काही काल-परवा लागलेलं ज्ञान नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या फळबागांत खवले किडी गंधक-चुन्याच्या फवाऱ्याला दाद देत नाहीत, हे मेलँडर या शास्त्रज्ञाने १९१४ साली लिहून ठेवलं. डीडीटीच्या कीटकनाशक गुणाचा शोध लावणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं. तोपर्यंत युरोपातल्या घरमाश्या डीडीटीला जुमानेनाशा झाल्याही होत्या. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड आले. थोड्याच वर्षांत, १९८७ च्या हंगामात, आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात हिरवी बोंडअळी त्यांनी मरेना. शेतकऱ्यांनी फवारण्या वाढवल्या, कर्ज वाढलं, आत्महत्या झाल्या.

मग २००२ साली बीटी कापूस आला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं. झाड स्वतःच अळीसाठी विष तयार करतं. २००६ साली दोन जनुकांचं बियाणं आलं. सुरुवातीला फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण निवडीचा नियम झाडातल्या विषालाही लागू असतो. गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही, हे तंत्रज्ञानाची मालक असलेल्या मोन्सँटो कंपनीनेच २०१० मध्ये जाहीर केलं. त्यानंतर दुसरं जनुकही गेलं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, अशी स्थिती होती. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० साली आकडेवारीनिशी मांडलं की २०१८ पर्यंत कापसावरचा हेक्टरी कीटकनाशकांचा खर्च बीटी येण्यापूर्वीपेक्षाही जास्त झाला होता.

गुलाबी बोंडअळीच का? हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवरही जगते. तिथे बीटी नाही, म्हणून विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही जिवंत राहतात आणि प्रतिकारक अळ्यांशी त्यांचा संकर होत राहतो. गुलाबी अळी मात्र जवळजवळ फक्त कापसावरच जगते. चहूकडे बीटी कापूस म्हणजे तिच्यावर चहूकडून निवड. त्यात आपल्याकडचे संकरित वाण लांब मुदतीचे, आणि फरदड घेतली की कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात उभा. अळीला पिढ्यांमागून पिढ्या मिळतात.

या अळीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ती अंड्यातून निघाली की एक-दोन दिवसांत कळीत, बोंडात शिरते. आत गेल्यावर वरून मारलेलं विष तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. डोमकळ्या दिसल्या म्हणून घाबरून मालक पंपावर पंप मारायला लावतो. अळी आत कोरडी. भिजतो तो मजूर.

आता माणसाचं बघू.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषं एका विकरावर घाव घालतात. ते विकर म्हणजे कोलिनेस्टरेज. एका नसेने दिलेला संदेश संपला की तो पुसून टाकायचं काम ते करतं. ते बंद पडलं की संदेश पुसला जात नाही, नसा सतत पेटलेल्या राहतात. अळीत हेच विकर, माणसातही हेच. म्हणून घाम, लाळ, उलट्या, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, थरथर, आणि शेवटी श्वास बंद.

अळीच्या बाबतीत पिढी महिन्याभरात बदलते, म्हणून निवड वेगाने होते. माणसाला पिढी बदलायला पंचवीस वर्षं लागतात. एका माणसाच्या आयुष्यात तर अशी काही निवड होतच नाही; त्याच्याकडे असतं फक्त एक शरीर. आणि त्या शरीरात उलटा हिशोब चालतो. एकदा दाबलं गेलेलं कोलिनेस्टरेज पूर्ववत व्हायला आठवडे लागतात, कधी महिने. आज फवारलं, उद्या फवारलं, परवा फवारलं, तर प्रत्येक दिवशी माणूस आदल्या दिवसापेक्षा कमी राखीव घेऊन शेतात उतरतो. पहिल्या दिवशी ज्या डोसाने नुसतं डोकं दुखलं, त्याच डोसाने आठव्या दिवशी तो कोसळू शकतो. म्हणजे ज्याला तुम्ही ‘सवयीचा माणूस’ म्हणता, तोच धुऱ्यावरचा सर्वांत कमजोर माणूस असतो.

माझे बाबा वीस वर्षं फवारणी करत होते. जमीन नाही, पंपही मालकाचा. सोळा लिटरचा पंप, त्याची गळती पाठीवरून कमरेपर्यंत. आई विहिरीवरून पाणी आणून ड्रममध्ये ओतायची, काठीने विष ढवळायची आणि संध्याकाळी तेच कपडे हाताने धुवायची. फवारणाऱ्यांच्या कोणत्याही यादीत आईचं नाव नव्हतं. मी नववीत असताना एका संध्याकाळी बाबा थरथरत घरी आले, तोंडातून लाळ, समोरचं दिसेना. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात नेलं तर पहिला प्रश्न आला : “किती घेतली?” बावीस प्रतिज्ञा पाळणारा माणूस, आयुष्यात दारूला हात न लावलेला. आईने ओढणीत बांधून नेलेली बाटली टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे उपचार सुरू झाले. बाबा वाचले. आजही चहाचा कप दोन हातांनी धरतात.

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, दमट उकाडा होता, फवारा चेहऱ्यावर येत होता, आणि दोन-तीन विषं एकत्र करून मारली जात होती. ती एकत्र का करत होते? कारण एकट्याने कीड मरत नव्हती. म्हणजे पाठ्यपुस्तकात ज्याला ‘कीटकनाशक प्रतिकार’ म्हणतात, तोच यवतमाळच्या वॉर्डात खाटांवर पडलेला होता.

इथे कोणी तरी म्हणेलच, “सगळेच शेतकरी भोगतात, यात जात कुठून आणली?”

उत्तर साधं आहे. मेलेल्यांत स्वतःच्या दोन-तीन एकरांत स्वतः फवारणारे अल्पभूधारकही होते, आणि ते आपलेच आहेत. त्यांचं दुःख आपण वेगळं मानत नाही. पण कोणतं विष आणायचं हे ठरवणारा, ते उधारीवर देणारा आणि ते पाठीवर घेणारा ही तीन माणसं गावात सहसा एकाच वस्तीतली नसतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या अनुसूचित जातींच्या कामकऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेतमजूर आहेत. देशात वहितीखाली असलेल्या जमिनीचा एक-दशांशाहून कमी भाग त्यांच्याकडे आहे. १९३६ साली बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये दाखवून दिलं की जात नुसती कामं वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच खालीवर रचते. फवारणीकडे पाहिलं की ती रचना डोळ्यांनी दिसते. गटार साफ करणाऱ्याबद्दल जे म्हटलं जातं तेच इथेही म्हटलं जातं : त्याला सवय आहे, बापापासून करतो.

नुकसानभरपाईतही तीच रचना. २०१७ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात बोंडअळीच्या नुकसानीसाठी कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये जाहीर झाले. ते किती मिळाले, केव्हा मिळाले, हा शेतकऱ्यांचा वेगळा लढा आहे आणि आपण त्यांच्यासोबत आहोत. पण मोजमापच हेक्टरचं होतं. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याचं नुकसान कोणत्या मापाने मोजायचं? बुडालेल्या वेचणीच्या मजुरीला हेक्टर नसतात. थरथरणाऱ्या हाताला गट नंबर नसतो.

दुसरा आक्षेप असतो : “मजूरच मास्क लावत नाहीत, हातमोजे घालत नाहीत.” १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांत संरक्षक कपडे, श्वसनाचा मुखवटा, प्रथमोपचार, विषावरचा उतारा हे सगळं लिहिलेलं आहे. पन्नास वर्षांत ते आमच्या वस्तीत आलेलं मी पाहिलं नाही. आणि सप्टेंबरच्या उकाड्यात प्लास्टिकचा अंगरखा घालून दिवसभर चिखलातून चालणं शक्य आहे का, हे सल्ला देणाऱ्याने एकदा करून बघावं. माझा धाकटा भाऊ आता पंप घेतो. त्याला मी हे सगळं समजावलं, तर तो म्हणाला, “ताई, तू सांगतं ते खरं हाये. पन मले पंपामागं पैसे भेटते. मुखवटा घालून पंप कमी होते.” तो अज्ञानी नाही. त्याला विष कळतं आणि हिशोबही कळतो. मजुरी पंपावर ठेवली की घाई त्याच्या पोटातच बसवली जाते.

मग मार्ग काय? इथेच हा विषय मला बाबासाहेबांकडे परत नेतो.

बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साध्या, बिगरबीटी कापसाचं पाकीट मिळायचं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे त्यावर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जिवंत राहतील आणि प्रतिकार पसरायला वेळ लागेल. शास्त्र बरोबर होतं. पण दोन एकरवाल्याने कर्ज काढून, आपल्या कडेच्या ओळी किडीला खायला का द्याव्यात? त्याने दिल्या आणि शेजाऱ्याने नाही दिल्या, तर पतंगाला धुरा कळत नाही. बहुतेकांनी ते पाकीट पेरलंच नाही. त्यावर “शेतकरी अडाणी” असा शेरा मी वर्गात बसून ऐकला आहे. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ज्या गोष्टीचा फायदा साऱ्या शिवाराला आणि तोटा एकट्याला, ती गोष्ट एकटा माणूस करत नाही. कीड शिवाराची आणि शेती तुकड्यांची, हे गणित जुळत नाही.

१९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मांडलं होतं की शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, जात-धर्म न पाहता ती गावातल्या कुटुंबांना सामूहिकपणे कसायला द्यावी, पाणी-अवजारं-बियाणं राज्याने पुरवावं. आपण ती मांडणी भूमिहीनांच्या हक्कासाठी वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती शेतीच्या शास्त्रासाठीही वाचावी. एकाच वेळी पेरणी, शिवारभर कामगंध सापळे, सापळ्यात ओळीने तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारणीचा निर्णय, एकाच गटाचं विष पुन्हा पुन्हा न मारणं, डिसेंबरअखेर कपाशी उपटणं, ही सगळी सामूहिक कामं आहेत. बाटलीचं नाव बदललं म्हणजे विष बदललं असं नसतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत एकाच गटाचं विष असू शकतं, आणि अळीसाठी ते एकच.

फक्त एक गोष्ट विसरू नका. “फरदड घेऊ नका” हा सल्ला शास्त्राने अचूक आहे, पण जानेवारी-फेब्रुवारीची वेचणी बंद झाली की आपल्या बायांची मजुरी जाते. त्या दोन महिन्यांत रोजगार हमीची कामं निघालीच पाहिजेत, ही मागणी त्या सल्ल्याला जोडूनच करायची. नाहीतर शास्त्राची किंमतही पुन्हा आपणच मोजणार.

शेवटी एक इशारा. “बोंडअळीसारखे व्हा, विष पचवा” अशा अर्थाचं एखादं वाक्य आपल्या तरुणांना आकर्षक वाटू शकतं. ते वापरू नका. अळीच्या प्रतिकाराचा अर्थ आहे हजारातल्या नऊशे नव्व्याण्णवांचं मरण. आपली चळवळ उरलेल्या एकाची नाही, त्या नऊशे नव्व्याण्णवांची आहे. आणि माणसांची श्रेष्ठ-कनिष्ठता रक्तात शोधणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच उत्तर दिलेलं आहे. अळी बदलते जनुकांनी. माणूस बदलतो संघटनेने आणि कायद्याने.

म्हणून येत्या हंगामाआधी प्रत्येक वस्तीत एवढं करा. फवारणीला जाणाऱ्यांची, आणि पाणी-विष ढवळणाऱ्या बायांचीही, यादी करा. ती ग्रामसभेत मांडून ठराव घ्या : हंगामापूर्वी आणि हंगामात कोलिनेस्टरेजची रक्तचाचणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅट्रोपीनचा साठा, पंपावर नव्हे तर दिवसावर मजुरी, आणि विषबाधेच्या मदतीसाठी सातबाऱ्याची अट नको. वापरलेल्या बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग वाचायला शिकवा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. बाटलीचा फोटो काढून ठेवा. दवाखान्यात तोच पहिला पुरावा असतो.

आणि पुन्हा कोणी धुऱ्यावर उभं राहून म्हणालं की याला सवय आहे, तर त्याला तिथेच विचारा : किती दिवस झाले हा माणूस सलग फवारतोय?

जयभीम!